बाळंतिणीच्या घरात टिनचे डबे

प्रश्न

ताई, नमस्कार.

मी नाशिकची. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले आहे. बाळ पाच आठवड्यांचं झालं, दोघंही खुशाल आहेत. बाहेर बर्फ साचलाय. भाजी आणायची तर जावयांनी गाडी काढायची, आणि त्यांची रजा संपली. म्हणून त्यांनी सेलमधून एकदम ढीगभर डबे आणून ठेवलेत: छोले, राजमा, मका, मटार, टोमॅटो, पालक, मश्रूम. कपाटात मावले नाहीत ते गराजमध्ये रचलेत.

आमच्याकडे सकाळची भाजी रात्री संपवायची पद्धत. वर्ष-दोन वर्षांमागे शिजवून डब्यात भरलेलं अन्न ओल्या बाळंतिणीच्या ताटात कसं वाढू? औषध घातल्याशिवाय ते टिकतं तरी कसं? लेक म्हणते, आई, इथे सगळे खातात. पण मला पटत नाही. छोल्यांचं ते बुळबुळीत पाणी आमटीत घालायचं की ओतून द्यायचं? एका डब्याला पोटावर पोचा आलाय, एकाची वरची कड दबलीये, मक्याच्या एका डब्याची तारीख सप्टेंबरातच उलटली. शिवाय जावई अर्धा डबा वापरून उरलेला तसाच वर कागद लावून फ्रिजमध्ये ठेवतात. मला ते बघवत नाही, पण जावयाला कसं बोलणार? घर शाकाहारी आहे. मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे.

बाळगुटीचं सामान, सहाण आणि गावाकडचा शुद्ध मध बरोबर आणलाय, त्यामुळे बाळाची काळजी नाही. ह्या डब्यांचं काय करू तेवढं सांगा.

– एक आजी

उत्तर

काकू,

नातवंडाबद्दल अभिनंदन. डब्यांचं सगळं सांगते, पण ज्याची तुम्हाला काळजीच नाही ते आधी घेते, कारण ते आजच्या आज कळायला हवं. तो मध बाळाला चाटवू नका. बोटाला लावून नाही, सोन्याच्या अंगठीने नाही, गुटीत कालवूनही नाही. वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते गेले तर सहसा काही होत नाही. तान्ह्याच्या आतड्यात मात्र त्यांना रुजायला जागा मिळते, तिथे ते विष तयार करतात आणि बाळ हळूहळू लुळं पडतं: शौचाला होत नाही, दूध ओढणं मंदावतं, रडण्यातला जोर जातो. मध शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाकडचा आहे, ह्याने फरक पडत नाही. बीजाणू माती-धुळीतून येतात, त्यांचा भेसळीशी संबंध नाही. गुटीतलं बाकी जे काही उगाळायचं मनात असेल, तेही बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मध तुम्ही आणि लेक खुशाल खा.

हे आधी सांगायचं आणखी एक कारण आहे. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातले बहुतेक कडक नियम ज्या एका शत्रूसाठी केलेत, तो हाच जिवाणू. त्याला हवा नको असते, आंबट चालत नाही, आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. आता बघा: हवाबंद डबा, आत गोडसर मका, बाहेर खोलीतली ऊब. त्याच्यासाठी ह्याहून सोयीचं घर नाही. म्हणजे डब्यांची भीती तुम्हाला वाटते ती अगदीच अनाठायी नाही. फक्त ती भीती कुठे लावायची आणि कुठे सोडून द्यायची, ते ठरवायला हवं.

'शिजवून डब्यात भरलेलं' असं तुम्ही लिहिलंय. क्रम उलटा आहे. भाजी निवडतात, धुतात, थोडी वाफवतात, डब्यात भरतात, वर मिठाचं पाणी घालतात, झाकण पक्कं बसवतात, आणि मग तो बंद डबाच दाबाच्या मोठ्या भांड्यात ठेवून साधारण 121 अंश सेल्सियसला शिजवतात. तुमच्या कुकरला शिटी होते तेव्हा आत जवळपास हेच तापमान असतं. डब्यातले छोले हे झाकण न उघडलेल्या कुकरमधले छोले आहेत असं समजा. आपली सकाळची भाजी रात्रीपर्यंत विटते ती शिजवल्यानंतर तिला डाव लागतो, हात लागतो, हवा लागते म्हणून. डब्यातल्या भाजीला शिजल्यानंतर कुणी शिवलेलंच नसतं. टिकायला म्हणून वेगळं औषध घालायची गरजच उरत नाही.

विश्वास बसत नसेल तर लेकीला डब्यावरचे बारीक अक्षरातले घटक वाचून दाखवायला सांगा. छोल्यांवर बहुधा छोले, पाणी, मीठ एवढंच असतं. काहींवर कॅल्शियम क्लोराइड असतं, ते दाणा फुटू नये म्हणून. डायसोडियम ईडीटीए दिसलं तर ते रंग काळवंडू नये म्हणून. टोमॅटोवर सायट्रिक ॲसिड असतं, म्हणजे लिंबात असतं तेच आम्ल. मक्यावर कधी साखर दिसेल. मला विचाराल तर ह्या यादीतला काळजीचा एकच पदार्थ आहे, तो म्हणजे मीठ. त्याच्याकडे येतेच.

ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने बाटल्यांत अन्न भरून, बुचं मारून उकळायची पद्धत बसवली आणि 1810 साली सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस घेतलं. त्याच वर्षी इंग्लंडात टिनच्या डब्याचं पेटंट निघालं. अन्न का टिकतं हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. जंतूंचं प्रकरण पाश्चरने उलगडलं ते पुढे पन्नासेक वर्षांनी.

आणि तुम्ही जिथे आहात त्या न्यू जर्सीचा ह्या कथेत एक काळा दिवस आहे. 1971 साली न्यूअर्कमधल्या बॉन व्हिव्हाँ नावाच्या कंपनीचं बटाट्याचं सूप, जे गारच खातात, ते डब्यात नीट तापवलं गेलं नव्हतं. ते खाऊन ह्याच जिवाणूच्या विषाने एक माणूस दगावला, त्याची बायको गंभीर आजारी पडली, आणि महिन्याभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. त्यानंतर, 1973 मध्ये, आंबट नसलेल्या डबाबंद अन्नासाठी अमेरिकेत कडक नियम आले: कुठल्या डब्याला किती तापमान, किती वेळ, त्याची नोंद कशी ठेवायची. आज दुकानातल्या डब्यातून हा आजार होणं अतिशय विरळ आहे. अजून तो होतो तो मुख्यतः घरी, हौसेने बाटल्यांत भरून ठेवलेल्या भाज्यांमधून.

हा मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही आहे, म्हणून थोडं थांबते. कोकणात हंगामाच्या शेवटी आंबा कॅनिंगला जातो, आणि वर्षभर डब्यातला रस आपण निर्धास्त खातो. काकू, तुम्हीही श्रावणात, पाहुणे आल्यावर तो फोडला असेलच. आंब्याचा रस मुळातच आंबट, टोमॅटोही आंबटच, त्यामुळे तिथे उकळत्या पाण्याचं तापमानही पुरतं. हे बघून कुणाला वाटेल, चला, स्वस्तातले मटार किंवा मक्याचे दाणे असेच उकळून बाटलीत भरून माळ्यावर ठेवू. तसं करू नका. मटार, मका, फरसबी, मश्रूम ह्यांत आंबटपणा नाही, आणि त्यांना घरच्या पातेल्यातली उकळी पुरत नाही. मटार टिकवायचे तर आपल्या बायका करतात तेच बरोबर आहे: सोलून, वाफवून फ्रीजरमध्ये.

आता तुमचे दोन चेपलेले डबे. पोटावर पोचा आलेला हातात घ्या आणि पोच्यावरून बोट फिरवा. खळगा उथळ असेल, बोट आत बसत नसेल, काठ धारदार नसेल, तर तो खायला चालेल. बोट आत रुतण्याइतका खोल असेल तर टाका. वरची कड दबलेला डबा मात्र बोट न फिरवताच बाद करा. डब्याचा जीव शिवणीत असतो. वरचं आणि खालचं झाकण जिथे दुमडून बसवलेलं असतं ती गोल कड, आणि कागदाखाली उभी जाणारी रेघ, ह्या त्या शिवणी. तिथे पोचा बसला की डोळ्यांना न दिसणारी फट पडू शकते. त्या फटीतून पाण्याचा थेंब बाहेर येणार नाही, पण जंतू आत जायला तेवढीही पुष्कळ होते. गंजाचंही असंच: बोटाने पुसून जाणारा तांबूस थर असेल तर हरकत नाही, खरवडल्यावर खड्डे दिसले तर नको.

फुगलेल्या डब्याला माफी नाही. दोन्ही झाकणं अंगठ्याने दाबून बघा. चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत ओढलेलं असतं. ते बाहेर आलेलं असेल, दाबल्यावर 'टक' करून आत जाऊन परत वर येत असेल, तर आत वायू धरलाय. उघडताना हलकासा 'फुस्' आवाज झाला तर घाबरू नका, बाहेरची हवा आत शिरते तेव्हा तसा होतो. पण पाणी उसळून बाहेर आलं तर तो डबा गेला. अशा डब्यातलं 'जरा चाखून बघते' असं कधीही करू नका. ह्या विषाला वास असेलच असं नाही, चव असेलच असं नाही, आणि चाखण्याइतकंही घातक ठरू शकतं. उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. न उघडता दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका. ओळखीच्या माणसाला विचारायला म्हणून उघडून ठेवू नका.

गराजमधले डबे आज आत आणायला सांगा. तिथल्या थंडीत डब्यातलं पाणी गोठलं तर ते फुगतं आणि शिवणी ताणतं. मग फुगवटा बर्फाचा की जंतूंचा, हे ओळखायची सोय राहत नाही. बॉयलरच्या शेजारी किंवा ओव्हनवरच्या कपाटातही नकोत. गार, कोरडी, अंधारी जागा बघा, जिथे तुम्ही कांदे-बटाटे ठेवाल.

सप्टेंबरात तारीख उलटलेला मका खाता येईल. अमेरिकेत डब्यावर 'बेस्ट बाय' असं छापतात ते चवीचं आणि रंगाचं आश्वासन असतं. त्या दिवसानंतर अन्न विषारी होतं असा त्याचा अर्थ नाही. मका, मटार, कडधान्यं असे आंबट नसलेले डबे, डबा धडधाकट असेल तर, दोन ते पाच वर्षं चांगले राहतात. टोमॅटो किंवा अननसासारखे आंबट डबे वर्ष-दीड वर्षात संपवावेत, कारण आम्ल आतून डब्याला खात असतं. घरात बाळ आहे म्हणून एक अपवाद ठळक सांगते: तान्ह्याच्या पावडरच्या दुधाचा डबा. त्यावरची तारीख कायद्याने छापलेली असते आणि ती एक दिवसही ओलांडायची नाही. आपल्याकडे भारतात तर पाकिटावर, डब्यावर शेवटची तारीख छापावीच लागते, आणि ती आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करून पाळलेलीच बरी.

मिठाकडे येते. इथे बाळंतिणीपेक्षा तुम्हाला जास्त सांभाळायचंय. डब्याच्या मागच्या चौकटीत सोडियमचा आकडा असतो. समजा छोल्यांवर 380 मिलिग्रॅम लिहिलंय. आपण म्हणतो, ठीक आहे. पण तो आकडा एका वाढणीचा, म्हणजे अर्ध्या कपाचा असतो, आणि 425 ग्रॅमच्या डब्यात अशा साडेतीन वाढण्या धरलेल्या असतात. म्हणजे अख्ख्या डब्यात 1,330 मिलिग्रॅम सोडियम, मिठाच्या हिशेबात सव्वातीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. दिवसभराचं सोडियम 2,000 मिलिग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आपण सवयीने छोल्यांत वरून मीठ घालतो, बाजूला लोणचं, पापड. गोळी बिचारी काय करणार?

म्हणून ते बुळबुळीत पाणी ओतून द्यायचं. त्यात वाईट काही नाही, दाण्यांमधला स्टार्च आणि प्रथिनं उतरलेली असतात. छोल्यांचं हेच पाणी फेटून अंडं न खाणारे लोक केक करतात. पण मीठही त्यातच आहे. डबा चाळणीत उपडा करा, मिनिटभर निथळू द्या, मग नळाखाली धरून हाताने हलकेच हलवा. आधी फेस येईल, पाणी गढूळ दिसेल. फेस थांबला की झालं. एवढ्याने सोडियम साधारण 40 टक्क्यांपर्यंत कमी होतं. पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचाही काही अंश त्या पाण्याबरोबर जातो. फोडणीत मीठ घालायचं ते शेवटी, चव बघून.

पुढच्या खेपेला डबे आणताना 'नो सॉल्ट ॲडेड' लिहिलेले आणायला सांगा. 'लो सोडियम' असेल तर एका वाढणीत 140 मिलिग्रॅमच्या आत असतं, तेही चालेल. 'रिड्यूस्ड सोडियम' ह्या शब्दांवर मात्र भाळू नका. त्याचा अर्थ त्यांच्याच नेहमीच्या डब्यापेक्षा चतुर्थांश कमी, एवढाच. बिनमिठाच्या डब्यातलं पाणी ओतू नका, छोल्यांचा रस्सा त्याने छान दाट होतो.

बाळंतिणीला चालेल का? चालेल. शिजवण्यात आणि साठवण्यात क जीवनसत्त्व बरंच जातं, ब गटातली काही कमी होतात. प्रथिनं, तंतू, लोह जागच्या जागी राहतात, आणि बाळंतिणीला हेच जास्त हवं असतं. ताटात लिंबाची फोड ठेवा, क जीवनसत्त्व मिळेल आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होईल. वातूळ म्हणून छोले-राजमा तिला नको वाटत असेल तर तुमचा अनुभव मी खोडत नाही. तिचं पोट जड होत असेल तर देऊ नका. फक्त आईच्या आतड्यातला वायू दुधातून बाळाकडे जात नाही, एवढं लक्षात असू द्या. अळिवाचे, डिंकाचे लाडू, मुगाचं वरण, बाजरीची भाकरी हे तुमचं चालू असेलच, ते तसंच चालू ठेवा. डबे तुमच्या हाताला विसावा म्हणून आहेत.

राजम्याच्या बाबतीत तर डबा एका अर्थी जास्त बिनधोक आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते सणसणीत उकळल्याशिवाय जात नाही. कुकरमध्ये किंवा इन्स्टंट पॉट म्हणतात त्या विजेच्या कुकरमध्ये ते नष्ट होतं. पण अमेरिकेत पुष्कळ घरी असणाऱ्या, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकला तर तापमान पुरेसं चढत नाही, आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. जावयांकडे तसलं भांडं असेल तर त्यात डब्यातलाच राजमा घालू द्या.

उघडलेल्या डब्याचं. जावई विष कालवत नाहीत, तेव्हा ती धास्ती सोडा. पण तुमचं मन सांगतंय ते बरोबर आहे. डबा पोलादाचा, त्यावर कथलाचा पातळ मुलामा, आतून बहुधा लाखेसारखा लेप. उघडला की हवा लागते, आणि आंबट पदार्थ असेल तर धातू उतरायला लागतो. टोमॅटोला येणारी ती कळकट चव त्याचीच. उरलेलं अन्न काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून, झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. टिनचा डबा थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. जावयांना काही बोलायची गरज नाही. ओट्यावर डबे उघडायच्या कात्रीशेजारी झाकणाचा काचेचा डबा रिकामा ठेवून द्या. हाताशी असलं की माणूस वापरतो, आणि डबा उघडताना सासूबाई शेजारी उभ्या असल्या तर नक्कीच वापरतो.

आतल्या लेपात पूर्वी बीपीए नावाचं रसायन असायचं. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांनी आता ते सोडलंय. शिवणीला शिशाचा डाख देण्यावर तिथे 1995 मध्ये बंदी आली. ह्या दोन गोष्टींवर रात्र जागवू नका.

राहता राहिला प्रश्न कुठला डबा कामाचा. टोमॅटो पहिल्या नंबरचे. हिवाळ्यात तिथल्या दुकानात दिसणारे लालबुंद टोमॅटो बरेचदा हिरवे तोडून नंतर पिकवलेले असतात, सारात घातले तर नुसतं पाणी. डब्यातले कॅलिफोर्नियाच्या उन्हात वेलीवर पिकलेले असतात. मात्र डबा बघून घ्या. 'डाइस्ड' म्हणजे फोडी. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असेल तर त्या कितीही उकळा, गळत नाहीत, आणि आपण गॅसपाशी उभं राहून विचार करतो, आज टोमॅटोला झालंय काय. साराला, आमटीला, भाजीच्या रश्श्याला 'क्रश्ड' किंवा 'होल पील्ड' घ्या. आंबटपणा जरा जास्त असतो, गूळ नेहमीपेक्षा थोडा सढळ हाताने. 'इटालियन स्टाइल' किंवा 'विथ बेसिल' असलेला चुकून आला तर त्याचं सार करू नका, पास्त्याला द्या.

छोले डब्यातून काढलेले आधीच मऊ असतात. त्यांना परत कुकर दाखवायचा नाही. कांदा-टोमॅटोचा मसाला तेल सुटेपर्यंत परतून घ्या, मग छोले, गरम पाणी, आणि मंद आचेवर दहा मिनिटं, म्हणजे मसाला आत मुरतो. दोन-चार दाणे डावाने ठेचले की रस्सा मिळून येतो. गोड्या मसाल्याची उसळ करायची असेल तर हेच, फक्त गूळ आणि आमसूल शेवटी. मटकी, वाल, पावटे ह्यांना डब्यात शोधू नका, ते घरीच मोड आणून करा. एवढ्या थंडीत मोड येत नसतील तर ओव्हन न तापवता आतला नुसता दिवा लावून कडधान्य त्यात ठेवा. दहीही तिथेच लागेल.

मका चांगला. 'होल कर्नल' म्हणजे दाणे, उपम्यात, भातात, भाजीत चालतो. 'क्रीम स्टाइल' म्हणजे दाटसर, सूपला. मटारचा रंग बघून दचकाल, करडट हिरवा दिसतो. हिरवा रंग एवढी उष्णता सोसत नाही. खाऊन काही होत नाही, पण मटार-उसळीत मजा नाही. मश्रूम रबरासारखे लागतात, मसाल्यात खपून जातात. पालकाचा डबा म्हणजे नुसता खारट लगदा. आणलाच आहे तर पिळून, डाळ-दाण्याच्या पातळ भाजीत ताकाबरोबर जिरवा, वरून मीठ घालू नका. परत आणू नका.

शाकाहारी घरासाठी एक सूचना. आपल्याकडचा हिरवा ठिपका तिथे नसतो. 'बेक्ड बीन्स'च्या बऱ्याच डब्यांत डुकराचं मांस किंवा त्याची चरबी असते, 'रिफ्राइड बीन्स'मध्येही असू शकते. 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असेल तरच घ्यायचं, आणि तरी घटक वाचायचेच.

जावयांना व्हॉट्सॲपवर एवढा निरोप धाडा: बिनमिठाचे छोले आणि राजमा, क्रश्ड टोमॅटो, मक्याचे दाणे एवढेच डबे. मटार, पालक, मेथी, फरसबी हे सगळं फ्रोझन. एडिसन-इसेलिनच्या बाजूला भारतीय दुकानं आहेत, तिथे फ्रीजरमध्ये तूर-पापडीचे दाणे, शेवग्याच्या शेंगा आणि खोवलेला नारळही मिळतो. नको असलेले मटार-पालकाचे डबे न उघडता जवळच्या फूड पॅन्ट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राला, देता येतील. चेपलेले आणि तारीख उलटलेले बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा ते आधी वेगळे काढून ठेवा.